आयटल आणि तय्यब

जमैकातले रास्ताफारी डुकराचं मांस खात नाहीत हे वाचून मला जरा आपलेपणा वाटला. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांना त्यांच्यातले अनेकजण ईश्वर मानतात. मुसलमान म्हणून ते मला पटणं शक्यच नाही. पण त्यांच्या जेवणाला ते ‘आयटल’ म्हणतात, म्हणजे ‘व्हायटल’, जीवनदायी. कट्टर रास्ता मांस, मीठ आणि रासायनिक खतावर वाढलेली भाजीही टाळतो. लिओनर्ड हॉवेल यांनी 1940 साली पिनॅकलच्या डोंगरावर वस्ती उभारली. तिथे लोक स्वतःचं पिकवून खात. (गांजाही पिकवत, तो शब्द आपल्याच गिरमिटिया मजुरांबरोबर तिकडे गेला.) 1954 मध्ये पोलिसांनी ती वस्ती उद्ध्वस्त केली.

कुरआनात ‘हलाल’सोबत ‘तय्यब’ही येतो: शुद्ध, चांगलं. आपल्याकडे कोंबडी कुणी कापली हे विचारतात. ती काय खाऊन वाढली, हे मी कुणाला विचारताना ऐकलेलं नाही.