पाडव्याच्या भोवतालचं

गुढी आहे. गॅलरीच्या कठड्याला का होईना, ती उभी राहते. जात चाललंय ते तिच्या भोवतालचं.

पंचांगश्रवण. पाडव्याला ग्रामजोशी देवळात बसून संवत्सरफल वाचायचा. साठांतलं कोणतं संवत्सर लागलं, राजा कोण (पाडव्याचा वार ज्या ग्रहाचा, तो त्या वर्षाचा राजा), मंत्री कोण, मेघेश कोण. मग पाऊस किती आढक, त्यातला समुद्रावर किती, डोंगरावर किती, जमिनीवर किती. गाव कान टवकारायचं ते इथे. सोलापूरचं दाते पंचांग आजही दरवर्षी निघतं, संवत्सरफल त्यात छापलेलं असतं. चार माणसांत बसून ते ऐकणं तेवढं संपलं. जोशाचा शिधाही संपला.

गाठीचे सागवानी साचे. आधी दोरा अंथरायचा, मग वरून साखरेचा पाक.

कडुनिंबाची गोळी. कोवळी पानं, फुलोरा, गूळ, चिंच, ओवा, हिंग, जिरं, मीठ, सगळं पाट्यावर वाटलेलं. आता एखादं पान जिभेला लावतात.

चैत्रांगण. तृतीयेला गौर बसली की अक्षय्यतृतीयेपर्यंत रोज सकाळी सारवलेल्या अंगणात निघायचं. पाळण्यातली गौर, शंख, चक्र, गदा, पद्म, नाग, कासव, तुळशीवृंदावन आणि त्यांच्याच पंक्तीला फणी, करंडा. बाईच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंना देवाच्या आयुधांशेजारी बसवणारी ही रांगोळी मला सगळ्यांत जवळची. कासवाची पाठ एका दमात ओढावी लागते. मध्येच चिमूट संपली की सांधा दिसतो. शेणाच्या ओलसर जमिनीवर भुकटी धरते, गुळगुळीत फरशीवर पंख्याच्या वाऱ्यानेही सरकते. म्हणून स्टिकर आले. स्टिकरातलं कासव वर्षभर तेच.

दगडी पाटी. तिच्यावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून हळदकुंकू वाहायचं. जिल्हा परिषदेच्या शाळा अजून ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत या मुहूर्तावर पोरांची नावं घालून घेतात, हे मला फार आवडतं. पाटी मात्र दप्तरातून गेली.

सालगडी. विदर्भ-मराठवाड्यात साल पाडव्याला सुटायचं, पाडव्यालाच धरायचं. ठराव तोंडी : रोख किती, ज्वारी किती, कपडे, वहाणा. उचल फिटली नाही की तोच गडी पुढच्या सालाला बांधलेला. ट्रॅक्टर आले, साल धरणारे घटले, तरी काही गावांत पाडव्याला ही बोलणी अजून होतात. या यादीतलं एवढं एक लवकर जावं, आणि पुरतं जावं.