दोन डोंगर आणि एक कूलर

खरं सांगू? मी ड्रॉइंगची टीचर वगैरे अजिबात नाही. सोमवार ते शुक्रवार आयटी पार्कातल्या एका थंडगार डब्यात बसून एक्सेलचे रकाने रंगवते. लाल म्हणजे उशीर झाला, हिरवा म्हणजे वेळेवर, पिवळा म्हणजे देव जाणे. माझा रंगांशी संबंध एवढाच. त्यामुळे २०२४ च्या मार्चमध्ये मावशीचा फोन आला, तेव्हा मी आधी हसलेच.

‘‘अगं, निवडणुकीच्या ट्रेनिंगला बोलावून राहिले मला. चार शनिवार माझी तिसरी सांभाळशील का? शिकवायचं काहीच नाही. नुसतं ड्रॉइंग घे.’’

नुसतं ड्रॉइंग! मावशी पूर्व नागपुरातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची. सातला प्रार्थना, साडेदहाला सुट्टी, कारण त्यानंतर पत्र्याखालच्या वर्गात बसणं म्हणजे तव्यावर बसणं. बाजूच्या वर्गातल्या बाई अधूनमधून डोकावणार होत्या, मुख्याध्यापिकांची परवानगी होती. शनिवारी मी दहाच्या आत उठत नाही, हा माझा एकमेव मुद्दा मावशीने एका वाक्यात उडवला. ‘‘अकराला घरी ये, मग झोप दिवसभर.’’

तर पहिला शनिवार. बत्तीस पोट्टे. (पोरीही त्यातच आल्या, आमच्याकडे हिशेब असाच असतो.) ऑफिसातून आणलेले एका बाजूने छापलेले कागद वाटले, फळ्यावर ‘माझा उन्हाळा’ असं झोकात लिहिलं आणि टेबलावर बसून मोबाइल काढला. सॉलिड सोपं काम आहे बॉस, असं वाटलं. वीस मिनिटांनी कागद गोळा केले तर... एकूण एक चित्र सेम! दोन डोंगर. मधून डोकावणारा सूर्य. डोंगरातून वळत येणारी निळी नदी, नदीत बदक, काठावर झोपडी आणि नारळ. वर उडणाऱ्या भुवयांसारखे पक्षी.

आता मला सांगा, नागपुरात नारळाची झाडं किती पाहिलीत तुम्ही? आणि आमच्या नाग नदीत बदक सोडायची कोणाची छाती आहे?

पहिल्या बाकावरच्या एकीला विचारलं, ‘‘हे कुठलं गाव गं?’’

‘‘ड्रॉइंगमधलं,’’ ती म्हणाली. इतक्या सहज, की मी गप्पच झाले.

मला हसण्याचा अधिकार नव्हता, कारण मीही तेच काढत आले होते. एकदाच काढलं नाही. चौथीत असताना उन्हाळ्याचं चित्र म्हणून आमच्या घरासमोरचं मैदान काढलं होतं, वाळलेलं, तपकिरी. त्यावर लाल पेनाने शेरा आला : ‘गवत हिरवे असते.’ मी मुकाट्याने त्याच्यावर हिरवा घासला. तपकिरीवर हिरवा घासला की जो रंग होतो, त्याला नाव नाही. पुढे आठवीत मैत्रिणी एलिमेंटरीच्या परीक्षेला बसल्या, स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असले भारी शब्द बोलायला लागल्या, आणि मी ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून मोकळी झाले. माझ्या वयाच्या निम्म्या माणसांची हीच स्टोरी असेल.

जाता जाता एक गंमत. दोन डोंगर नागपुरात खरंच आहेत! सीताबर्डीचा किल्ला दोन टेकड्यांवरच आहे, बडी टेकडी आणि छोटी टेकडी. १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये भोसले आणि इंग्रजांची लढाई इथंच झाली. किल्ला लष्कराकडे असल्याने आपल्याला वर्षातून मोजून दोन-तीन दिवस आत जाता येतं, पण टेकडी रोज दिसते. पोरांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. डोंगर म्हणजे त्रिकोण, आणि सीताबर्डी काही त्रिकोणी नाही!

दुसऱ्या शनिवारी डोंगरांना सुट्टी दिली आणि म्हटलं, आज कूलर काढायचा. वर्गात एकदम जान आली. कूलर म्हणजे नागपूरचं कूल-दैवत! आणि काढायला इतका सोपा, की तिसरीतलंच काय, पहिलीतलं पोरही काढेल. एक मोठा चौकोन, त्यात एक गोल, गोलात चार पाती, बाजूला जाळीच्या आडव्या रेघा. संपलं. मग त्याचं पोट उघडायचं, म्हणजे आत काय असतं ते बाजूला काढायचं. खाली पाण्याची टाकी, पाणी वर चढवणारा छोटा पंप, तीन बाजूंना वाळा, मागून आत येणारी गरम हवा लाल बाणांनी आणि पुढून निघणारी गार हवा निळ्या बाणांनी. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं. आपली हवा खडखडीत कोरडी, म्हणून हे जमतं. मुंबईच्या घामट हवेत कूलर लावला तर नुसता ओलावा वाढतो. चाळीस मिनिटांत विज्ञानही होऊन गेलं, आणि ‘आज विज्ञान’ असं कोणाला सांगावंही लागलं नाही.

पण खरी मजा पुढेच होती. ‘‘आता कूलरसमोर कोण कुठं झोपतं ते काढा.’’ अरे बापरे! अख्ख्या घराचं राजकारण कागदावर! एकीच्या चित्रात कूलरसमोर भलीमोठी आजी, मग बाबा, मग काका, मग भाऊ, आणि शेवटी दाराजवळ मुंगीएवढी ती स्वतः. ‘‘माझ्यापर्यंत फक्त आवाज येते, दीदी,’’ ती म्हणाली. (नागपुरात ताईची दीदी होतेच.)

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘कूलर नसला तर?’’

हा विचार मी केलाच नव्हता. त्या पोराने मग खिडकीवर टाकलेली ओली चादर काढली. पाण्याचे थेंब काळे. काळे का, हे मी विचारलं नाही. क्रेयॉनचा डबा पहिल्या बाकावरून सुरू होऊन शेवटच्या बाकापर्यंत जातो, तोवर त्यात काळाच उरलेला असतो, हे माझ्या डोक्यात शिरायला अजून एक आठवडा लागायचा होता.

तिसऱ्या शनिवारी दुपट्टा. कॉलेजच्या काळात आपण सगळ्याच पोरी स्कूटीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरलोय, फक्त डोळे दिसायचे, मम्मीनेही ओळखू नये असा अवतार! चित्राला याहून सोपा चेहरा नाही. नाक नको, ओठ नको. पोरांना नाकच तर जमत नाही. एक अंडाकृती, दोन डोळे, वाटल्यास गॉगल, आणि बाकी सगळा दुपट्टा. तो भरायचा कसा, तर ठिपक्यांनी आणि छोट्या छोट्या रेघांनी, गोंड चित्रांत भरतात तसा. जनगढसिंह श्याम या मध्य प्रदेशातल्या चित्रकाराने १९८० च्या दशकात गोंडांची ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली. आणि नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजाच होता, तेव्हा आपला हक्क बनतोच ना? एरवी पाच मिनिटांत ‘झालं दीदी’ म्हणणारे ठिपके भरण्यात अर्धा तास गुंग होते. हा फंडा कुठल्याही वर्गासाठी लिहून ठेवा.

वेळ उरला म्हणून मी आणखी एक चित्र काढायला सांगितलं : काल रात्रीचं. आदल्या रात्री अवकाळी वादळ झालं होतं. कोणी वीज काढली, कोणी गच्चीवरून गाद्या घेऊन पळणारे आई-बाबा. शेवटच्या बाकावरच्याने पूर्ण काळा केलेला कागद आणून दिला.

‘‘अरे, असं पान का वाया घालवतोस?’’ मी बोलून गेले.

त्याने वाद घातला नाही. कागद परत घेतला, चार घड्या घातल्या आणि पँटच्या खिशात ठेवला. शेजारची पोरगी म्हणाली, ‘‘दीदी, त्याच्याकडची लाईट गेली होती. आमच्याकडचीपण गेली होती.’’ माझ्या घरचीही गेली असणार. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, मला कळलंच नाही.

घरी आल्यावर आठवलं की त्या काळ्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता. डासांची कॉइल! अंधारात तेवढीच तर दिसते. त्या दुपारी झोप काही आली नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीचा तो लाल शेरा देणाऱ्या बाईंवर मी किती वर्षं डूख धरून होते, आणि संधी मिळताच मी स्वतः काय केलं?

चौथा शनिवार २० एप्रिलचा. आदल्या दिवशीच मतदान झालं होतं, पोरांना माझ्या बोटावरच्या शाईचंच अप्रूप. मी तयारी करून गेले होते. काळ्या चित्राचाच प्रोजेक्ट, खास त्याच्यासाठी. पण तो आलाच नाही. ‘‘मामाच्या गावी गेला, भंडाऱ्याकडे,’’ पोरं म्हणाली. मामाचं गाव काही माझ्या माफीसाठी थांबणार नव्हतं.

तरी प्रोजेक्ट घेतला. आधी कागदावर पिवळा, केशरी, गुलाबी, जो हवा तो रंग दाबून भरायचा, पांढरं काही सोडायचं नाही. (माझे अर्धे क्रेयॉन स्कूटीच्या डिकीत वितळून त्यांचा एक गोळा झाला होता. त्या गोळ्याने रंगवायला तर भांडणं लागली!) त्यावर काळ्याचा जाड थर. मग संपलेल्या रिफिलने नाही तर झाडूच्या काडीने कोरायचं. काळ्याच्या खालून रंग निघतो, तेव्हा पोरांच्या तोंडून जो आवाज येतो ना, तो ऐकायला हवा. चांदण्या निघाल्या, गच्चीवर घोरणारे आजोबा निघाले, मोबाइल टॉवरचा लाल दिवा निघाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा डब्यातला काळा सगळ्यात आधी संपला.

सुट्टीसाठी एकच होमवर्क दिला. २६ मे च्या आसपास नागपुरात सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास अंगणात उभी बाटली ठेवायची आणि तिची सावली काढायची. सावली गायबच असते, म्हणजे काही काढायचंच नाही. असा होमवर्क कोणाला नको असेल?

मग ३० मे उजाडला. तुम्हाला आठवत असेल, रामदासपेठेतल्या हवामान केंद्राने तापमान दाखवलं ५६ अंश! ऑफिसात सगळे फोन घेऊन धावत होते. नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. मला मात्र त्या दिवशी ते शेवटचं बाक आठवत होतं. भंडाऱ्याकडे काय तापलं असेल, आणि तिथं चादर ओली करायला पाणी असेल का?

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. त्या वर्षी १ जुलैला उघडल्या. पहिल्याच शनिवारी मी गेले. मावशी वर्गात होतीच, माझी काही गरज नव्हती. पावसाचं वातावरण, पोरं एक-एक इंच वाढलेली. तो शेवटच्या बाकावरच होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

‘‘त्या दिवशी मी चुकीचं बोलले. तुझं चित्र छान होतं. पुन्हा बघायला देशील?’’

‘‘ते धुतल्या गेलं दीदी, पँटसोबत.’’

मी कागद दिला आणि डबा आधी त्याच्यासमोर ठेवला, अख्खा. त्याने बराच वेळ शोधून हिरवा घेतला आणि काढले... दोन डोंगर! मधे सूर्य. मी जीभ चावली.

‘‘हे कुठलं रे?’’

‘‘मामाच्या गावचं. डोंगर आहे तिथं.’’ डोंगराखाली त्याने एक झाड काढलं, झाडाखाली वाकलेली एक बाई, बाजूला टोपली. ‘‘आजी. मोहफुलं वेचून राहिली.’’ मग जरा थांबून तो स्वतःशीच म्हणाला, ‘‘पण ती तर पहाटेच जाते.’’

त्याने डब्यातून काळा क्रेयॉन काढला आणि सूर्यावर घासायला लागला.