संसारासकट देव

केओककचं धरण मागे पडलं की इलिनॉयकडचा रस्ता मिसिसिपीला चिकटूनच जातो. इथे नदी अवाढव्य रुंद आहे, पण ही रुंदी तिची स्वतःची नव्हे. १९१३ साली धरण झालं, पाणी तुंबलं आणि नॉवू गावाची काठालगतची जमीन बुडाली. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने पाहिलेली नदी याहून बरीच अरुंद होती. तिच्या वळणावरची ही सखल जमीन १८३९ मध्ये त्याच्या अनुयायांनी घेतली, तेव्हा तिथे निव्वळ दलदल होती. मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर संपवा, असा लेखी हुकूमच मिसुरीच्या गव्हर्नरने काढला होता. तिथून जीव घेऊन पळालेली ही माणसं. इथे आली आणि हिवतापाने अंथरुणाला खिळली. तरी त्यांनी चर खणले, पाणी काढून दिलं आणि पाच-सहा वर्षांत सुमारे बारा हजार वस्तीचं गाव उभं केलं. तेव्हाचं शिकागोही साधारण एवढंच होतं.

आज गावात जेमतेम हजारभर माणसं राहतात. खालच्या आळीत मॉर्मन चर्चने जुनी घरं-दुकानं पुन्हा उभी केली आहेत. तिकीट नाही. नोकरीतून निवृत्त झालेली जोडपी स्वखर्चाने येऊन राहतात आणि १८४० च्या सुमाराचा पोशाख चढवून गाव दाखवतात. पुरुषांना एल्डर म्हणायचं, बायकांना सिस्टर. वीटभट्टीवर छोटीशी वीट भेट मिळते, बेकरीत आल्याचं बिस्किट. लोहाराकडे घोड्याच्या नालेचा खिळा वाकवून अंगठी करतात. खिळ्याचं चौकोनी डोकं वर खड्यासारखं दिसतं, म्हणून तिला 'प्रेअरीचा हिरा' म्हणतात. देवाविषयी ज्यांचा विचार ऐकून अमेरिकेतले बाकीचे ख्रिस्ती हादरले, ती माणसं अशी हाताने काम करणारी होती.

त्यांतलाच एक किंग फॉलेट. किंग हे त्याचं नाव, पदवी नव्हे. मार्च १८४४ मध्ये तो विहिरीत उतरून काम करत असताना दगडांनी भरलेली बादली त्याच्या अंगावर कोसळली, आणि तो गेला. पुढच्या महिन्यात, ७ एप्रिलला, चर्चच्या परिषदेत स्मिथ त्याच्यासाठी बोलायला उभा राहिला. झाडीत, उघड्यावर, हजारोंचा जमाव. वारा सुटला होता. तो थांबावा आणि आपल्या छातीत बळ यावं यासाठी प्रार्थना करा, असं त्याने आधी लोकांना सांगितलं. मग तो दोन तासांहून जास्त बोलला. चौघांनी जमेल तशी टिपणं घेतली. आज छापलेलं जे भाषण मिळतं, ते याच टिपणांची जुळणी आहे.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं: देव आज जिथे आहे तिथे तो कधीकाळी नव्हता, तोही एकेकाळी आपल्यासारखाच माणूस होता. माणसाचं चैतन्य कुणी शून्यातून घडवलेलं नाही, ते देवाइतकंच अनादी आहे. आणि माणसाला पायरी-पायरीने शिकत देवपदाला पोचायचं आहे. हे बी आधीच पडलेलं होतं. १८४० मध्ये लोरेंझो स्नो या तरुण अनुयायाने याच आशयाच्या दोन ओळी जुळवल्या होत्या. पुढे तोच चर्चचा पाचवा अध्यक्ष झाला. पण भर सभेत, इतक्या उघडपणे, ही गोष्ट फॉलेटच्या निमित्ताने बोलली गेली.

आपल्याकडचा माणूस हे ऐकून म्हणेल, यात नवल काय? नराचा नारायण आपण कधीचा करून ठेवला आहे. पण अद्वैतात शेवटी 'मी' उरतच नाही. जैन विचार याच्या जास्त जवळचा: जीव अनादी, जगाला कर्ता नाही, आणि पुरुषार्थाने जीवच परमात्मा होतो. तरीही सिद्धाला संसार सोडूनच सिद्ध व्हावं लागतं. मॉर्मनांना देव व्हायचं आहे ते संसारासकट. त्यांच्या देवाला हाडामांसाचं शरीर आहे, स्वर्गात बापाबरोबर आईही आहे, आणि सर्वोच्च पदाला एकट्याने पोचता येत नाही, जोडीनेच जावं लागतं. त्यासाठी मंदिरात नवरा-बायकोची, आईबाप-मुलांची गाठ मरणापलीकडेही टिकेल अशी बांधतात. बाहेरचे लोक थट्टा करतात की यांना मेल्यावर एकेक ग्रह मिळतो. २०१४ मध्ये चर्चने लेख काढून हे व्यंगचित्र असल्याचं सांगितलं. माणसात देवत्वाची शक्यता आहे, हे मात्र सोडलं नाही. मला यात अहंकारापेक्षा ताटातूट न सोसणारं मन जास्त दिसतं. दलदलीत लेकरं पुरलेल्या लोकांना याहून कोणता स्वर्ग पटला असता?

टेकडीवर मंदिर आहे. मूळचं १८४८ मध्ये कुणीतरी जाळलं, उरलेल्या भिंती १८५० च्या वादळात पडल्या. आजचं २००२ मध्ये त्याच जागी बांधलेलं. आत फक्त चर्चच्या पात्र सभासदांना प्रवेश. जुन्या मंदिराचा एक सूर्यशिळा म्हणवणारा दगड मात्र जवळच बघता येतो: ढगांतून वर येणारा गोल चेहरा, डोळे सताड उघडे, आणि डोक्यावर तुताऱ्या धरलेले दोन हात. कारागिराने देवळाच्या खांबावर माणसाचं तोंड कोरलं, ते उगाच नसावं.

पण संसारासकट म्हटलं की संसारातली भांडणंही आली. चिरंतन विवाहाचा जो संदेश स्मिथने जुलै १८४३ मध्ये लिहवून घेतला, त्यातच बहुपत्नीत्वही होतं. भाऊ हायरम तो घेऊन एमाकडे, म्हणजे जोसेफच्या बायकोकडे गेला. तिने तो मानला नाही. पुढच्या जूनमध्ये फुटून निघालेल्या काही जणांनी 'नॉवू एक्सपॉझिटर' हे पत्र काढलं. त्यात दोन मुख्य आरोप होते, अनेक बायका आणि अनेक देव. एकच अंक निघाला. महापौर स्मिथच होता; नगरपालिकेने छापखाना मोडून टाकला. त्यासाठी कार्थेजच्या तुरुंगात गेलेल्या दोघा भावांना २७ जून १८४४ रोजी जमावाने गोळ्या घातल्या. तो तुरुंग इथून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. माडीवरच्या खोलीच्या दाराला गोळीचं भोक अजून दिसतं. जमावाचा निषेध करावाच लागतो, पण छापखाना फोडणाऱ्यालाही मला मोकळं सोडवत नाही.

१८४६ च्या फेब्रुवारीत, स्मिथनंतर पुढारी झालेल्या ब्रिगहॅम यंगच्या मागे, लोक नदी ओलांडून पश्चिमेला, आजच्या युटाकडे निघाले. एमा गेली नाही. तिचा मुलगा पुढे वेगळ्या शाखेचा प्रमुख झाला, आणि त्या शाखेने माणसाने देव होण्याची शिकवण बाजूलाच ठेवली. जोसेफ आणि हायरमला गुपचूप पुरलं होतं. धरणाचं पाणी चढल्यावर थडगी बुडतील या भीतीने १९२८ मध्ये शोध घेऊन त्यांना एमाशेजारी पुन्हा पुरलं. स्मिथ कुटुंबाची घरं याच शाखेकडे होती. स्मिथचं लाल विटांचं दुकानही या शाखेचंच. मंदिराचे विधी १८४२ मध्ये पहिल्यांदा ज्याच्या माडीवर झाले ते. मूळ दुकान पाडलं गेलं होतं, ते विधी न मानणाऱ्या या लोकांनीच ते पुन्हा बांधलं. मार्च २०२४ मध्ये ही सगळी मालमत्ता, ओहायोतल्या कर्टलंडच्या मंदिरासह, युटाच्या चर्चने १९ कोटी २५ लाख डॉलरना घेतली.

आता दुकान दाखवणारी सिस्टर युटाची आहे. एमाविषयी विचारल्यावर ती म्हणाली, "तिला फार सोसावं लागलं, ते आम्ही लपवत नाही." आणि वर चला म्हणून जिना दाखवला.