मुंग्या, आशाताई आणि मोबाइलची रेंज

मुलांनो, मोबाइलवर निरोप धाडला की आधी एक खूण उमटते. निरोप पोचला की दुसरी. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा त्या दुसऱ्या खुणेची मी चार दिवस वाट पाहिली.

माझी शाळा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या एका पाड्यावर. टेकडी चढावी तेव्हा कुठं रेंज मिळते. पाचवीतल्या एका मुलीचा नवोदय परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. मी तिच्या वडिलांना मोबाइलवर निरोप धाडला आणि निर्धास्त झालो. निरोप पोचला तेव्हा मुदत संपली होती. पाचवीतली ही संधी पुन्हा येत नाही!

शाळा उघडल्यावर ती म्हणाली, "सर, आशाताईंना का नाही सांगितलं? त्या तर घरोघर येतात." मला उत्तरच सुचेना.

त्याच दिवसांत शाळेच्या ओट्यावर मुंग्यांची रांग लागायची. एका मुलाने ओल्या फडक्याने रांगेचा मधला भाग पुसला. मुंग्या गोंधळल्या, इकडेतिकडे धावल्या. पण थोड्याच वेळात नवी रांग तयार! मुंगी चालताना वासाची खूण ठेवते. जवळच्या वाटेवर ये-जा जास्त, म्हणून तिथला वास दाट होतो. वापरात नसलेल्या वाटेचा वास उडून जातो.

इटलीतल्या मिलान शहरात मार्को डोरिगो यांनी १९९२ सालच्या आपल्या प्रबंधात हीच युक्ती संगणकासाठी मांडली. पुढे २००४ साली 'अँटहॉकनेट' ही पद्धत निघाली. टॉवर नसताना जी बिनतारी यंत्रं एकमेकांमार्फत निरोप पुढे देतात, त्यांच्यासाठी ती आहे. छोटे छोटे निरोप मुंग्यांसारखे वाट शोधत जातात. चांगल्या वाटेची नोंद पक्की होते. वाट तुटली, तर दुसरी शोधली जाते.

आणि आशाताई? २००८ साली केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 'बबल रॅप' ही रीत मांडली. माणसं भेटतील तसा निरोप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जायचा. पण द्यायचा कुणाकडे? जो जास्त लोकांना भेटतो त्याच्याकडे, नाहीतर ज्याला निरोप द्यायचा त्याच्याच गटातल्या कुणाकडे. माझ्या विद्यार्थिनीला हे न शिकवताच ठाऊक होतं!

आता महत्त्वाचा निरोप मी फोनवर तर धाडतोच, शिवाय तिघांना सांगतो: आशाताई, जीपवाले काका आणि आठवडे बाजारातला दुकानदार. एक वाट तुटली तरी दुसरी असते.

तुमच्या गावात निरोप सगळ्यात लवकर कोण पोचवतं? शोधून पाहा बरं!