कराचीची आजी

आमचं घर भंवरकुआंला आहे म्हटलं की इंदूरचा कुणीही विचारतो, "म्हणजे कोचिंगवालं भंवरकुआं?" हो, तेच. होळकर सायन्स कॉलेज, खंडवा रोडवरचं विद्यापीठ, गल्लोगल्ली होस्टेलं आणि सकाळी पोह्यांच्या ठेल्यांभोवती पाठीवर बॅगा लावलेली मुलं. आमच्याही वरच्या दोन खोल्यांत कायम अशी मुलं भाड्याने असायची. खरगोन, बडवानी, खंडव्याकडची. त्यांचीही ती 'आजी'च.

आजीचा जन्म कराचीचा, १९३६ सालचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला. त्याआधी कराचीचा कारभार मुंबईहूनच चाले, म्हणून नोकरीच्या निमित्ताने बरीच मराठी कुटुंबं तिकडे स्थायिक झाली होती. पणजोबा बंदरावर कारकून होते. १९४७च्या पावसाळ्यानंतर सगळे कियामारी बंदरातून आगबोटीने मुंबईला आले. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि पणजीने हट्टाने घेतलेलं पितळेचं पुरणयंत्र. गिरगावातले नातेवाईक हसले म्हणे, "अगं, निघताना हे सुचलं तुला?" १९५५ साली लग्न होऊन आजी इंदूरला आली आणि पुरणयंत्रही तिच्याबरोबर आलं. दर होळीला त्यातून पुरण निघायचं आणि पहिली पोळी वरच्या मुलांना जायची.

कराचीबद्दल आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच. जास्त विचारलं की आजी म्हणायची, "झालं ते झालं रे बाळा. तू जेवलास का?"

तिचं सिंधी मात्र अस्खलित होतं. शेजारच्या सिंधी काकींशी ती दुपारभर गच्चीवर त्याच भाषेत बोलायची. त्यांच्याकडून सिंधी कढी यायची, आमच्याकडून अळूची भाजी जायची. मला फक्त 'छा आहे?' एवढंच कळायचं. म्हणजे 'काय आहे?' आजी म्हणायची, "बघ, आपलं 'आहे' आणि त्यांचं 'आहे' एकच."

मी खंडवा रोडवरच बी.ई. केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये लागलो. एका दिवाळीत आजीने विचारलं, "तुझ्या त्या मशीनवर कराची दिसतं का रे?" मी म्हटलं, "रविवारी बघू." असे बरेच रविवार गेले. कधी रिलीज, कधी क्लायंटचा कॉल. शेवटी २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं, तेव्हा एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन तिच्यापाशी बसलो. तिने आधी नारायण जगन्नाथ हायस्कूल बघायला मागितलं. १८५५ साली सुरू झालेली, एका मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव असलेली ती शाळा अजून उभी आहे. स्क्रीनवर दगडी इमारत आली. आजीने फाटकावर बोट ठेवलं. "दादा इथून बाहेर यायचा. मी आणि धाकटी समोर उभ्या असायचो."

"धाकटी कोण, आजी?"

"पुरे आता. डोळे दुखतात."

मी लॅपटॉप मिटला. पुन्हा केव्हातरी विचारू, असं मनाशी म्हटलं.

२०२२च्या पावसाळ्यात आजी गेली. तेराव्याला सिंधी काकी आल्या. बाबांचा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं, की आजीला तीन वर्षांनी लहान बहीण होती. बोटीवरच तिला ताप भरला आणि गिरगावात पोचल्यावर आठवड्याभरात ती गेली. बाबा ऐकतच राहिले. चौसष्ट वर्षांच्या माझ्या वडिलांना आपल्याला एक मावशी होती हे त्या दिवशी कळलं. आजीने हे कुणाला सांगितलं असेल तर फक्त काकींना, तेही सिंधीत.

मला एकदम बडवानीचा एक मुलगा आठवला. टायफॉइडने आजारी पडला होता. त्याचे आईवडील येईपर्यंत सत्तरीच्या पुढची आजी दोन रात्री त्याच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती. आई म्हणत होती, "मी बसते, तुम्ही झोपा." आजी उठली नाही. तेव्हा आम्ही तिला हट्टी म्हटलं होतं.

ऑफिसात रोज रात्री बॅकअप घेतला की नाही हे तपासणं माझं काम आहे. घरात मात्र सगळं एकाच माणसाजवळ होतं आणि मी रविवारची वाट बघत होतो. त्या बहिणीचं नाव काकींनाही आठवत नाही. आजी तिला 'धाकटी'च म्हणायची.

तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि नावं विचारा. त्यांनी विषय बदलला तर बदलू द्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

यंदा होळीला पुरणयंत्र मी फिरवलं. पोळ्या आईने लाटल्या. पहिली पोळी वरच्या मुलांना गेली आणि दुसरी बाबांनी देवापुढे ठेवली. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.