डाव्या हाताची धार

माझ्या किचनमध्ये सहा सुऱ्या आहेत. ब्रेडची दातेरी, टोमॅटोची पातळ पात्याची, शिवाय पगारवाढीच्या आनंदात घेतलेली एक भारीतली जर्मन. मित्र चिडवतात, ‘स्वयंपाक कमी आणि हत्यारंच जास्त!’ पण पात्यातली खरी गंमत मला कळली ती परभणीत.

दसऱ्याचा वीकेंड होता. रात्री मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस पकडली, सकाळी परभणी. स्टेशनवर कडक चहा, मग जिंतूर रोडवरचं मामाचं गाव. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि काढणीला आलेलं सोयाबीन.

खंडेनवमीला देवापुढे विळे, खुरपी, कुऱ्हाड मांडलेली. हळदकुंकू वाहता वाहता मी पाती निरखत बसलो. कुऱ्हाडीचं पातं दोन्ही अंगांनी फुगीर, त्यामुळे ते लाकडात रुतून बसत नाही, लाकूड फाकवत जातं. खुरप्याचं चपटं, मातीला घासून चालणारं. आणि विळा म्हणजे चंद्रकोर! झाडं आपोआप वाकात गोळा होतात, ओढलं की धार सरकत कापते. झटका बसत नाही, मनगट वाचतं.

‘मामी, दातेरी विळे मिळतात की आता. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा आहे. सारखी धार लावायला नको.’

‘मिळतेत. पण ते उजव्या हाताचे. मी डावरी.’

खरंच की! दाते पात्याच्या एकाच अंगाला कापलेले असतात. विळा डाव्या हातात घेतला की तेच अंग उलटं पडतं. जपानमध्ये मासे कापायच्या एकधारी सुऱ्या डावखुऱ्यांसाठी वेगळ्या बनतात, पण त्यांना जास्त पैसे मोजावे लागतात. मामीचं काम करतात रस्त्याकडेला पाल टाकणारे घिसाडी.

संध्याकाळी तिच्यासोबत गेलो. म्हातारी भात्यावर, घण सुनेच्या हातात, सांडशीत लालभडक पातं धरून म्हातारबाबा. लोखंड ट्रकच्या कमानपाट्याचं. ठोकून आकार दिला आणि चर्रर्र करून पाण्यात बुडवलं.

‘पाणी जास्त झालं तर पातं तुटतं, कमी झालं तर धार वळती,’ बाबा म्हणाले. मग कानशीनं एकाच अंगाला धार काढली. कोणतं अंग, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. विळा थेट मामीच्या डाव्या हातात दिला.

काढणीत थांबायला सवड नसते. ऊन तापलं की शेंगा तडकतात, पाऊस आला की काळ्या पडतात. हातात हाताजोगा विळा नसेल तर दिवसाचं काम निम्म्यावर येतं.

‘पोरगं पुण्याला टेम्पो चालवतंय,’ बाबा निखारे सारत म्हणाले. ‘आवंदा आलो. पुढल्या साली बघू.’

मामी काही बोलली नाही. तिनं आणखी एक विळा करायला सांगितला.

परतताना मी विचारलं, ‘दोन कशाला?’

‘एक पुढल्या सालाचा,’ ती म्हणाली.