दुकानातला जुना संगणक

दुकानाच्या संगणकावर आयकराच्या नियमाने दरसाल 40 टक्के घसारा मिळतो. 50,000 रुपयांचे यंत्र दहा वर्षांत वहीत सुमारे 300 रुपयांवर येते. तेच यंत्र घरी आले की नातू त्यावर खेळ लावतो, चित्र अडखळते आणि नव्या यंत्राचा हट्ट सुरू होतो. परिग्रह-परिमाण मानणाऱ्या घराने आधी अडते कोठे ते पाहावे. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर खेळ लवकर उघडतो. चित्राची गती मात्र त्याने फारशी वाढत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसल्यास चित्राचे काम मुख्य रॅमच्या उसनवारीवर चालते, म्हणून एकाऐवजी दोन सारख्या रॅम लावल्याने पुष्कळदा फरक पडतो. कार्ड घ्यायचेच तर मदरबोर्डच्या खाचेतून मिळणाऱ्या 75 वॅटमध्ये भागणारे पाहावे. त्याहून मोठ्या कार्डासाठी एसएमपीएस बदलावा लागतो, मग प्रोसेसर तोकडा वाटू लागतो. विक्रेत्याला ही साखळी आधी सांगण्याची घाई नसते. खेळात मारामारी किती, हेही पैसे मोजण्यापूर्वीच नातवाशी बोलावे, नंतर नव्हे. आणि काढलेली हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी तिच्यातील गिऱ्हाइकांची खाती उतरवून घ्यावीत, मग ती पूर्ण पुसावी.